गव्हाच्या कोठीतली ठासणीची रिव्हॉल्वरं

आमच्या घरात सात रिव्हॉल्वरं आहेत, हे वाक्य बीड जिल्ह्यात मोठ्यानं बोलायचं नसतं. बोललंच तर लगेच पुढचं जोडावं लागतं, की ती उडत नाहीत. आणि हे दुसरं वाक्य ऐकल्यावर समोरच्याच्या तोंडावर जी कीव येते, ती बघितली की वाटतं, त्यानं आपल्याला गुंड समजलं असतं तरी परवडलं असतं.

माझी रिव्हॉल्वरं ठासणीची आहेत. म्हणजे मूळ जी होती ती ठासणीची, माझ्याकडं त्यांच्या नकला. काडतूस नावाची वस्तू निघायच्या आधीची ही जात. चक्रीच्या एकेका घरात काळी भुकटी ओतायची, तिच्यावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखाली एक दांडी असते ती खाली ओढून गोळी आत ठासायची, आणि मागच्या बाजूनं प्रत्येक घराला पितळेची चिमुकली टोपी घालायची. हे एका घराचं झालं. चक्रीला घरं असतात सहा. सगळी भरून झाली की मग घोडा ओढायचा आणि चाप दाबायचा. माझ्या नकलांमध्ये हे सगळं हलतं, फिरतं, खटखट वाजतं. फक्त नळी आतून भरीव आहे. जस्ताचा ओतीव माल, वर काळा मुलामा आणि मुठीला लाकूड. कपाटात ठेवायची शोपीसं.

हा नाद लागला तो दुकानात. माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. उन्हाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसते आणि पावसाळ्यात मी आणि पंखा असे दोघंच असतो. अशाच एका रिकाम्या दुपारी मोबाइलवर परदेशातला एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा दिसला. तो असलं एक रिव्हॉल्वर भरत होता. ओतलं, ठेवलं, ठासलं, टोप्या घातल्या. मी भान हरपून बघत राहिलो. मग त्यानं चाप दाबला आणि धूर एवढा झाला की म्हाताराच दिसेना. धूर विरला तेव्हा तो हसत होता, आणि समोर ठेवलेला डबा जागचा हललासुद्धा नव्हता. एवढी मेहनत करून नेम चुकतो आणि तरी गडी खूश, हे बघून मला तो एकदम घरातला वाटला.

शोभेच्या ढाली-तलवारी विकणाऱ्या एका शहरातल्या दुकानदाराकडून मी पहिलं मागवलं. कुरिअरवाल्याचा फोन आला.

"साहेब, पार्सलवर रिव्हॉल्वर लिहिलंय."

"हो, माझंच आहे. आणून द्या."

"मी न्हाई आणत. तुमीच या. आन् येताना एकटेच या."

हे संभाषण त्यानं भर बाजारात, स्पीकर लावून केलं होतं. त्यामुळे मी ते पार्सल घेऊन आधी घरी न जाता पोलीस ठाण्यात गेलो. म्हटलं, लोकांनी सांगायच्या आधी आपणच दाखवलेलं बरं. तिथल्या हवालदारानं ते उलटंसुलटं केलं, नळीला डोळा लावला आणि म्हणाला, "ह्याला तर भोकच न्हाई की बे." मग माझे पिकलेले केस बघून जरा सांभाळून घेतलं, "घेऊन जा काका. ह्यानं माशी मरायची न्हाई. मारायचीच असंल तर फेकून मारा."

त्यानंतर हळूहळू सात झाली. एकाची नळी आठकोनी, एकाची गोल, एकाची चौकट पितळी, एकाच्या चक्रीवर जहाजांच्या लढाईचं चित्र. आणि सगळ्यांत शेवटी आलं ते थोरलं. हातभर लांब, दोन किलोच्या आसपास वजन, नळीखालची दांडी अशी ऐटबाज की बघत राहावं. त्याची मी रोज सकाळी खोबरेल तेलाच्या बोळ्यानं मालिश करायचो. "माझ्या केसांना कधी लावलं न्हाई एवढ्या मायेनं," असं बायको म्हणायची. हॉलमधल्या काचेच्या कपाटातला तिचा डिनर सेट मी खालच्या फळीवर हलवला, तेव्हापासून ती त्यांना सवती म्हणायला लागली. तिचं म्हणणं, सातही सारखीच दिसतात. मी म्हटलं, "तुझ्या डाळिंबी रंगाच्या चार साड्या मला सारख्याच दिसतात."

"त्या मी नेसते," ती म्हणाली. "तुमी हे काय नेसणार हाव का?"

मी नाही, पण तिच्या भावानं नेसून दाखवलं.

माझा हा मेहुणा नेकनूरला असतो. शेती उत्तम करतो, पण जीव राजकारणात. आपल्याकडं पुढारी म्हटलं की पांढरे कपडे, पांढरी गाडी आणि कमरेला काहीतरी फुगीर, अशी लोकांची एक ठरलेली नजर आहे. कपडे आणि गाडी मेहुण्याकडं होती. एका लग्नाला जायचं म्हणून तो माझ्याकडं आला.

"दाजी, एक दिवसापुरतं द्या. दिसलं पायजे फक्त. उडवायचं कुणाला हाय?"

"न्यायचंच तर आठकोनी ने. हलकं आहे."

"न्हाई, थोरलंच."

ते थोरलं त्यानं पायजम्याच्या नाडीत खोचलं. मांडवात शिरेपर्यंत रुबाब होता. पण अक्षता टाकायला त्यानं हात वर केला आणि नाडीनं हात टेकले. रिव्हॉल्वर एका पायातून खाली निघालं, पायजमाही सोबत निघायला लागला, आणि पुढची सगळी मंगलाष्टकं मेहुणा एका हातानं कंबर आणि दुसऱ्या हातानं गुडघा धरून उभा होता. लोकांना वाटलं, त्याला भरून आलंय.

एवढ्यावर भागलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. पण याच मेहुण्यानं माझ्या मुलीचं स्थळ आणलं. आणलं म्हणजे नावाला. माझी मुलगी फार्मसी कॉलेजात शिकवते, आणि तिथंच शिकवणारा एक मुलगा तिला आवडला होता. त्यालाही ती आवडली होती. ते तिनं आईला सांगितलं, आईनं मला, मी मेहुण्याला, आणि मेहुण्यानं मुलाच्या घरी जाऊन 'एक चांगलं स्थळ आहे' असं पहिल्यापासून सुरू केलं. मुलाचं गाव नारायणगडाच्या बाजूला. घर माळकरी. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली. त्याला वाढवलं त्याच्या आत्यानं. या आत्याबाईंचं सासर गावातच, यजमानही आहेत, पण त्यांना बोलताना कुणी ऐकलेलं नाही. भावाच्या घरातला बैल बदलायचा असो की सून आणायची असो, शेवटचा शब्द आत्याबाईंचा.

अशा बाईसमोर बसून मेहुण्यानं आमच्या घराची शोभा वाढवायला म्हणून सांगितलं, "आमचे दाजी म्हंजे साधी असामी न्हाई. सात रिव्हॉल्वर हायत घरात."

आत्याबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "बंदुकीच्या घरची सोयरीक आमाला नगं," म्हणाल्या. "रोज काय काय कानावर येतंय. आमच्या पोराला आमी टाळ धरायला शिकवलंय."

मेहुणा घाबरला आणि त्यानं चूक दुरुस्त केली. म्हणजे आणखी एक केली. म्हणाला, "होती म्हणलं मी. आता कुठंयत? दाजींनी समदी विकली. एकबी ऱ्हायलं न्हाई." मग आत्याबाई म्हणाल्या, बरं, रविवारी येतो, घर बघतो.

हे त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मुलगी माझ्यासमोरच बसली होती. ती एरवी माझ्या नादावर सगळ्यांत जास्त हसणारी. त्या दिवशी हसली नाही. "पप्पा," एवढंच म्हणाली, "हे मोडलं तर मला दुसरं बघायचं नाही." आणि पेपर तपासायला आत निघून गेली.

बायकोनं मला स्पष्ट सांगितलं, रविवारी घरात एकही सवत दिसता कामा नये, त्यांना दुकानात नेऊन ठेवा. मी हो म्हटलं. पण दुकानात उंदीर फार, आणि मुठी लाकडाच्या. नेमकी त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दाराशेजारची पत्र्याची कोठी वर्षाचा गहू भरायला रिकामी करून ठेवली होती. मला एकदम सुचलं. कोरडी जागा, झाकण घट्ट, आणि गव्हात कोण हात घालतंय? सातही रिव्हॉल्वरं जुन्या बनियनमध्ये गुंडाळून कोठीच्या तळाशी ठेवली आणि वर गहू ओतला. स्वतःवरच मी इतका खूश झालो की ते कुणाला सांगायचंही राहून गेलं. बायकोला वाटलं, सवती दुकानात गेल्या.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई. मेहुणा आधीपासूनच येऊन बसला होता. मुलगा माझ्या पाया पडला आणि त्यानंतर त्यानं सोफ्याच्या कडेवर अशी बैठक मारली की कधीही उठून पळता यावं. वडील हसतमुख, प्रत्येक वाक्याला "रामकृष्णहरी" म्हणणारे. आत्याबाईंनी मात्र बसायच्या आधी घर नजरेनं झाडून काढलं. काचेच्या कपाटात बायकोचा डिनर सेट सन्मानानं परत आला होता. आत्याबाई त्याच्यासमोर जरा जास्तच वेळ थांबल्या.

"हिथंच व्हती का?" त्यांनी विचारलं.

"व्हती," मेहुणा घाईनं म्हणाला. "आता ताटं हायत. ताटं बरी."

पोहे झाले. मुलीला प्रश्न विचारून झाले. आत्याबाईंनी विचारलं, "भाकरी येती का?" मुलगी म्हणाली, "येते, पण गोल येत नाही." आत्याबाई हसल्या. "पोटात गेल्यावर कोण बघतंय?" मी मनात सुटकेचा श्वास सोडला. मुलाचे वडील उठायच्या बेतात आले. बायकोनं ताम्हण, नारळ, खण असं सगळं बाहेर आणलं, आत्याबाईंना पाटावर बसवलं आणि ओटी भरायची म्हणून गव्हासाठी वळली. ती कोठीकडं वळली.

आमच्या कोठीला खाली, बुडाशी, एक वीतभर रुंद सरकती झडप आहे. ती वर उचलली की गहू आपोआप ताटात येतो. बायकोनं झडप उचलली. चार दाणे आले आणि थांबले. तिनं कोठीला थाप मारली. आणखी दोन आले.

मी सोफ्यावर होतो. ओरडावं तर काय ओरडणार?

"डब्यातले तांदूळ घे की!" मी कसंबसं म्हणालो.

"ओटीला तांदूळ कावून? कोठीभर गहू असताना?" आत्याबाई पाटावरनं उठल्या. "गव्हात किड्यांची जाळी झाली असंल. असं थापून न्हाई होत, बोट घालावं लागतं. सरका तुमी." आणि त्यांनी झडपेत दोन बोटं घातली, चाचपलं, कशाला तरी धरलं आणि ओढलं.

आधी बनियनची बाही आली. मग थोरल्याची नळी आली. मग आख्खं थोरलं बाहेर आलं, आणि त्याच्यामागं तुंबलेला गहू असा धो धो सुटला की बायकोचे पाय घोट्यापर्यंत बुडाले. आत्याबाई बाजूला झाल्या. त्यांच्या हातात नळीला धरलेलं रिव्हॉल्वर उलटं लटकत होतं, कोंबडी धरावी तसं. मुलाचे वडील उठून उभे राहिले होते आणि त्यांचे दोन्ही हात अर्धवट वर गेले होते. त्या हातांचं काय करावं हे त्यांनाही समजत नव्हतं.

मेहुण्याला या अवस्थेतही सुचलं. "ठिबकचा पार्ट हाय त्यो," तो म्हणाला. "दाजींचं दुकान हाय ना."

आत्याबाईंनी ते सुलटं केलं. नीट बघितलं. "ठिबकला घोडा असतो व्हय?"

गहू अजून वाहतच होता, त्याचा तेवढा आवाज. मी मुलीकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा मला बघवेना. वाटलं, या घरात माझ्या हौसेनं पहिल्यांदाच खरोखर काहीतरी मारलं.

मग ती पुढं आली. गव्हातून चालत कोठीपाशी गेली, झाकण काढलं, खांद्यापर्यंत हात घातला आणि एकेक काढून आत्याबाईंच्या पाटासमोर मांडत गेली. आठकोनी, गोल, पितळी, सगळी. "सातच आहेत आत्या. मामा खोटं बोलले आणि पप्पांनी लपवली. घरात आता लपवलेलं काही नाही. यातली एकही उडत नाही. आता तुम्ही काय ते ठरवा."

"उडत न्हाई म्हंजे?" आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "पाव्हणं, हिकडं या. उडवून दाखवा."

मी खाली बसलो. नळीला भोक नसल्याचं दाखवलं. त्यांनी नख घालून बघितलं. मग म्हणाल्या, "अन् खरं असतं तर कसं उडलं असतं?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. बायकोनं नाही, मुलीनं नाही, पोलिसांनी नाही. मी सगळं विसरलो. स्थळ विसरलो, गहू विसरलो. भुकटी कशी मापानं ओतायची ते सांगितलं. गोळी घराच्या तोंडापेक्षा जराशी मोठीच का घ्यायची ते सांगितलं. दांडी ओढून दाखवली. वर चरबी लावावी लागते, नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाते, हेही सांगितलं.

"झालं?" आत्याबाई म्हणाल्या.

"हे एक घर झालं. अजून पाच."

"तवर समोरचा थांबतो व्हय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यांचे हात आता खाली आले होते.

"शिवाय पाऊस नको. आणि वारा नको. टोपी पडली तर शोधायला चष्मा लागतो."

"मंग त्यो समोरचा पळून जाईल की."

"पळाला तर बरंच," मी म्हणालो. "नेम तसाही लागत नाही."

आत्याबाईंच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं, संतापल्या. त्या हसत होत्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आन् हे कावून लपवलं वो? गव्हात?"

"तुम्हाला भिऊन."

"बंदुकावाला मला भितो?"

"सगळेच भितात आत्या," मुलगा म्हणाला. घरात आल्यापासून तो प्रथमच बोलला होता.

आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाटासमोर ओळीनं झोपलेल्या माझ्या सातही जणांकडं बघितलं. "सात सात हत्यारं घरात असून जो माणूस माझ्यासारख्या बाईला भितो," त्या भावाला म्हणाल्या, "त्याच्या घरात आवाज चढवून कोण बोलत असंल? लेक शांत निघंल. अन् बघ, खरं बोलायला भ्याली न्हाई ती." मग पाटावर बसल्या. "पुन्यांदा कशाला गाडी भरून यायचं? आजच सुपारी फोडून टाकू. सुपारी हाय का घरात?"

सुपारी होती, देवघरात. सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं, मग मागं फिरणं नाही. पण फोडायला अडकित्ता लागतो, आणि आमच्या घरात कुणी पान खात नाही. मेहुणा खलबत्त्याकडं धावला. बत्ता गावाकडं होता. बायकोनं पोळपाट-लाटणं आणलं. सुपारी लाटण्याखालून सुटली आणि गव्हात गेली. ती शोधून काढेपर्यंत पुन्हा हसाहशी झाली.

आत्याबाईंनी थोरल्याकडं बोट केलं. "ती ठासायची दांडी काय कामाची मंग?"

ती दांडी म्हणजे त्या रिव्हॉल्वरचा सगळा रुबाब. जस्ताची. मी तिला कधी जोरानं बंदसुद्धा केलं नव्हतं. मी मुलीकडं बघितलं. तिनं जमिनीवरनं थोरलं उचललं, गहू झटकला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला यायची तसं.

मी म्हटलं, "आण."

सुपारी चक्रीच्या घरात मावेना. तोंडावरच अडकली. मुलानं मूठ आणि नळी गच्च धरली, मी दांडी धरली. आमची दोघांची डोकी एकमेकांना लागत होती.

"काका, ओढताय ना?" त्यानं हळूच विचारलं.

"ओढतोय. तू सोडू नकोस."

"न्हाई सोडत."

मी ओढली. दांडी वाकायला लागली, मला हातात कळत होतं. सुपारी ढिम्म. "जोर लावा पाव्हणं, पोरीचं लगीन हाय!" आत्याबाई म्हणाल्या, आणि मी डोळे मिटून ओढलं. कडाक्‌ असा एकच आवाज आला. घरात आजवर त्या रिव्हॉल्वरचा एवढा मोठा आवाज कधी झाला नव्हता. डोळे उघडले तर सुपारीची शकलं पाटाखाली पसरली होती, आणि दांडी माझ्या हातात होती. नुसती दांडी. बाकीचं रिव्हॉल्वर जावयाच्या हातात.

"फुटली!" मेहुणा ओरडला. बायकोनं साखर वाटली. मुलाचे वडील रामकृष्णहरी म्हणत माझ्या गळ्यात पडले, आणि मुलगी तोंड फिरवून उभी राहिली. हसत होती की रडत होती ते मला तिच्या पाठीवरनं ओळखता आलं नाही.

आत्याबाईंनी शकलं गोळा केली, पदरानं पुसली आणि सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्याही ठेवली. "खा व्याही."

मी तोंडात टाकली. दाताखाली काहीतरी कच्चकन्‌ लागलं. सुपारीचं होतं का जस्ताचं, सांगता येत नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी गिळलं आणि म्हटलं, "गोड आहे."